आधी कातडी तयार करा म्हणे!

कातडी तयार करायची. पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर. मग तिच्यावर ॲसिड लावायचं. वरचा थर जळतो, चार-आठ दिवसांत पोपडे धरून सुटतो आणि खालून नवी कातडी येते. ती उजळ असते असं बोर्डावर लिहिलेलं असतं. याला केमिकल पील म्हणतात. मुंबई-पुण्याचं हे खूळ आता यवतमाळ, वणी, पुसदपर्यंत पोचलंय. बोर्डावर एकच बाई दोनदा. डावीकडं सावळी आणि रडवेली. उजवीकडं गोरी आणि हसरी. म्हणजे सावळं असणं हा रोग आणि गोरं होणं हा त्याचा उतारा, हे बोर्ड लावणाऱ्यानं आपल्याला न विचारताच ठरवून टाकलं.

दोस्तहो, हा बायकांचा विषय आहे म्हणून पान उलटू नका. आपली पोरं १४ एप्रिलला डीजेपुढं नाचतात, निळा झेंडा खांद्यावर घेतात, आणि रात्री घरी जाताना बहिणीसाठी गोरं व्हायची ट्यूब घेऊन जातात. ती ट्यूब आणि तो झेंडा एका हातात कसे मावतात, एवढंच मला विचारायचंय.

कातडी तयार करणं हा धंदा मुळात कोणाचा? मेलेलं ढोर ओढलं कोणी? सोललं कोणी? चुन्याच्या हौदात बुडवून केस आणि वरचा पापुद्रा सोडवला कोणी? बाभळीची साल आणि हिरडा घालून महिना महिना ते कमावलं कोणी? कुठं महारानं ओढलं-सोललं, कुठं ढोरानं कमावलं, चांभारानं शिवलं. हात चुन्यानं फाटले. वास आयुष्यभर गेला नाही. आणि त्या वासापायी गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा. आम्ही सोडलं. ज्यांना पोटासाठी सोडता आलं नाही त्यांना २०१६ साली गुजरातेत उन्याला गाडीला बांधून भररस्त्यात मारलं. आता तेच काम पांढरा कोट घालून, एसीत बसून, जिवंत माणसाच्या तोंडावर केलं की त्याला सौंदर्यशास्त्र म्हणतात. तिथं विटाळ नाही. तिथं फी आहे.

पण मी नुसत्या शिव्या देणार नाही. मी मॅट्रिक पास माणूस, डॉक्टर नाही. पण ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचता येतात, आणि कळलं नाही तर विचारायची लाज वाटत नाही. तेव्हा ही तयारी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शास्त्राशी माझं भांडण नाही. शास्त्र अर्धवट विकणाऱ्यांशी आहे.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो सगळीकडं सारखा जाड नसतो. तसंच ॲसिड लावलं तर पातळ जागी खोल जातं आणि जाड जागी वरच राहतं. चट्टे पडतात. म्हणून आधी दोन ते चार आठवडे रोज रात्री ट्रेटिनॉइन नावाचं मलम थोडं थोडं लावून तो थर सारखा करून घेतात. कातडीतला रंग बनवणाऱ्या पेशी ॲसिडनं चवताळून जास्त रंग ओकू नयेत म्हणून हायड्रोक्विनोनसारखं औषध देऊन त्यांना आधीच दाबून ठेवतात. आणि दिवसा सनस्क्रीन. रोज. दर दोन-तीन तासांनी परत. घाम आला की परत. पीलच्या काही दिवस आधी ट्रेटिनॉइन बंद. आठवडाभर आधीपासून ब्लीच नाही, वॅक्सिंग नाही, थ्रेडिंग नाही. ओठावर जर येतो का, मुरुमासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या होत्या का, जखम झाली की गाठ धरते का, दिवस गेलेत का, हे सगळं डॉक्टरनं विचारायचं आणि आपण खरं सांगायचं. कानामागं थोडंसं लावून बघायचं. मग तोंड.

आणि सावळ्या-काळ्या कातडीला ही तयारी दुप्पट लागते. कारण आपली कातडी भाजली, खरचटली, सुजली की त्या जागी ती आणखी काळी होते. मार खाल्ला की जास्त काळी होते. बंडखोर आहे म्हणा हवं तर. म्हणजे ज्या बाईला गोरं करायचं आमिष दाखवतात तीच बाई चुकीच्या पीलनं सगळ्यात काळी होते. हे डॉक्टरांना माहीत आहे. खोल जाणारी ॲसिडं, ते फिनॉल वगैरे, आपल्यासारख्या कातडीला लावूच नयेत असं ते सांगतात. आणि आणखी एक सांगतात. जिला ऊन टाळता येत नाही, जिचं काम उन्हात आहे, तिला पील देऊ नये.

हे वाक्य परत वाचा. जिचं काम उन्हात आहे तिला देऊ नये.

आता हा कायदा आमच्या बाईला लावून बघा. सकाळी आठला ती निंदणाला जाते. कळंबला जा, राळेगावला जा, घाटंजीला जा, तीच बाई दिसेल. डोक्यावर दुपट्टा, पऱ्हाटीत कमरेपर्यंत, हातात विळा. दुपारी सावलीत भाकर खाते तेवढाच वेळ तोंड उन्हात नाही. उन्हाळ्यात काम मिळालं तर पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. तिनं दर दोन तासांनी सनस्क्रीन लावायचं? बरी ट्यूब घ्यायची तर तिची दोन दिवसांची मजुरी जाते आणि नियमानं लावली तर ट्यूब महिनाभरही पुरत नाही. ती घाम कशानं पुसणार? पदरानं. पदराला काय लागलेलं असतं ते पुढं सांगतो.

म्हणजे ही तयारी कातडीची नाही. सावलीची आहे. ज्याच्याकडं महिनाभर सावलीत बसायची सोय आहे त्याच्याच कातडीची तयारी होते. बाकीच्यांना काय मिळतं? बाकीच्यांना तयारी वगळून नुसतं ॲसिड मिळतं.

आमच्या वस्तीतली एक पोरगी. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. पाव्हणे येणार होते. आठ दिवस हातात. तिच्या मायनं कर्ज काढून तिला तालुक्याच्या गावी नेलं. कुठं ते लिहीत नाही, कारण असली दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. तिथं डॉक्टर नव्हता. कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेली मॅडम होती. तिनं ना काही विचारलं ना कानामागं लावून पाहिलं. त्याच दिवशी आधी ब्लीच केलं आणि वरून पील. पोरगी ओरडली तर म्हणाली, थोडं झोंबतंच, सुंदर दिसायचं तर सोसावं लागतं.

मी सुटीवर गेलो तेव्हा तिची माय भेटली. मी म्हटलं, "मावशी, उन्हात जाऊ नको असं सांगितलं नव्हतं का?"

"सांगतलं होतं ना भाऊ. म्हने आठ दिस उनात नोको जाऊ. म्या म्हटलं, बाई, आमी उनात नाही गेलो तं चूल कशी पेटन? तं म्हने, दुपट्टा बांधजा. दुपट्टा बांधून गेली पोरगी वेचाले. तिसऱ्या दिशी गाल हे असे कायेभोर."

"मग डॉक्टरकडं नेलं?"

"नेलं. थ्या डाक्टरनं पहिल्यांदा मलेच झापलं. काऊन आनली नाही म्हने आधी. आधी! आधी त्याचा बोर्डच दिसला नाही आमाले, ह्या बाईचाच दिसला."

पाव्हणे आले. चहा-पोहे खाल्ले. कळवतो म्हणाले. पाव्हणे बौद्ध होते. हे मुद्दाम लिहितो. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे, पंचशील पाठ आहे. त्यांना पोरगी गोरी पाहिजे होती.

आता पदराला काय लागलेलं असतं ते. २०१७ साल आठवा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत या आपल्या जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं पटापट पडली. वीसच्या वर मेली. शेकडो माणसं यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात भरती झाली. कोणाला दिसेना, कोणाला श्वास घेता येईना, कोणाच्या तोंडातून फेस. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. बोंडअळीच्या धास्तीनं मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि आणखी काय काय एकमेकांत मिसळून मारलं. पंप पाठीवर, फवारा तोंडासमोर, अंगात घामानं भिजलेला शर्ट. विष नाकातोंडातून गेलं तसंच कातडीतूनही गेलं. घामानं ओली, उन्हानं तापलेली कातडी विष जास्त पिते. खरचटलेली आणखी पिते. मेलेल्यांत शेतमालक होते तसेच रोजानं पंप उचलणारे भूमिहीनही होते. मग साहेब लोक म्हणाले, यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मास्क बांधला नाही. चूक मेलेल्याची.

बघा हं. चौकातल्या क्लिनिकमध्ये चमचाभर ॲसिड लावायचं तर आधी महिनाभर कातडीची तयारी. शेतात पंपभर विष मारायचं तर तयारी शून्य. एकाच जिल्ह्यात दोन कातड्या राहतात.

आणि आता या दोन गोष्टी एकत्र आणा. पील केलेली, ट्रेटिनॉइननं पातळ केलेली कातडी म्हणजे वरचा बांध फोडलेली कातडी. ती घेऊन आमची पोरगी फवारलेल्या पऱ्हाटीत निंदाले जाते. फवारलेल्या पानाला लागलेला पदर त्याच तोंडाला पुसते. हे मला भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं म्हणून ठळक सांगतो: तोंडाची साल निघत असताना फवारलेल्या शेतात पाय टाकायचा नाही. उपाशी राहावं लागलं तर वस्तीनं त्या घरी पीठ पोचवावं.

गोदीत आमचंही असंच चालतं. खताची आणि सोड्याची पोती पाठीवर घेतो. पोतं फुटतं, पावडर घामात मिसळते, मानेची कातडी लाल होते, तळहाताचे पापुद्रे सुटतात. फुकट पील. खालून नवी कातडी येते ती काही उजळ नसते. घट्टा पडलेली असते.

बरं, हे तयारीचं मलम आलं कुठून? ही गोष्ट आपल्या पोरांनी पाठ करावी अशी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा कातडीचा डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन १९५१ साली तिथं गेला आणि १९७४ पर्यंत त्यानं तिथल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. कैदी बहुतेक काळे. पाठीवर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात वेगळं रसायन लावायचं, कातडीचे तुकडे कापून घ्यायचे, बदल्यात थोडे डॉलर. आज पीलच्या आधी रात्री लावतात ते ट्रेटिनॉइनचं मलम त्याच पाठींवर तपासलं गेलं. १९६६ साली हा माणूस एका पेपरवाल्याला सांगतो की तुरुंगात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, शेतकऱ्याला पहिल्यांदा सुपीक शेत दिसावं तशी. माणसं दिसली नाहीत. शेत दिसलं. डाऊ केमिकलच्या पैशावर त्यानं त्याच कैद्यांना डायॉक्झिन लावलं. डायॉक्झिन म्हणजे तणनाशक बनवताना तयार होणारं विष. शेताचं विष आणि चेहऱ्याचं मलम एकाच कैद्याच्या पाठीवर शेजारी शेजारी. त्या विद्यापीठानं २०२१ साली दिलगिरी व्यक्त केली, शहरानं २०२२ साली. तोवर कितीतरी कैदी मेले होते, क्लिगमनही २०१० साली मेला, सन्मानानं.

याच क्लिगमननं १९७५ साली कातडीतला रंग काढायचं सूत्र छापलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉईड, तिन्ही एकत्र. आज आपल्या मेडिकल दुकानांत जी गोरं करायची ट्यूब म्हणून चिठ्ठीशिवाय मिळते ती याच सूत्राची नात. डॉक्टरनं ठरावीक आठवडे, वांगावर, लक्ष ठेवून द्यायचं औषध. आमच्या पोरी दोन-दोन वर्षं पावडरीसारखं लावतात. आधी झकास उजळतं. मग तोंड लाल होतं, केस येतात, मुरुमं फुटतात, ऊन सोसत नाही, आणि सोडलं तर आग होते म्हणून सोडता येत नाही. गुत्त्यावरची दारू बरी, ती निदान तोंडाला लावून गावभर मिरवत नाहीत. २०१८ साली सरकारनं असली चौदा स्टिरॉईडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे. ट्यूब काउंटरवर आहे.

१९७५ हे सालच बघा. त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरनं फेअर अँड लव्हली बाजारात आणलं. त्याच वर्षी फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरनं कातडीचे प्रकार पाडले, जे आज प्रत्येक पील क्लिनिकमध्ये वापरतात. आणि सुरुवातीला त्यात फक्त गोऱ्यांचेच प्रकार होते. आपली कातडी पाचवी-सहावी म्हणून नंतर जोडली. तिथंही गावकुसाबाहेर! आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत हायड्रोक्विनोन चोपडून चोपडून काळ्या बायकांची तोंडं निळीकाळी, खडबडीत झाल्याचं तिथल्या डॉक्टरनं छापलं. तो डाग धुऊन जात नाही. पँथर तेव्हा तीन वर्षांची होती. आपण सभा घेत होतो आणि ते ट्यूब भरत होते.

फेअर अँड लव्हलीनं २०२० साली नावातला फेअर काढला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉईडला पोलिसानं गुडघ्याखाली मारला, जग पेटलं, तेव्हा. इथं खैरलांजी झाली २००६ साली, तेव्हा एक अक्षरही बदललं नव्हतं.

कंपनीचं सोडा, आपल्या शेजारचं बघा. अकोल्यात एका घरातल्या तिघी, माय आणि लेकी, पार्लरमधून घेतलेलं क्रीम लावत होत्या. तिघींच्या किडन्यांना दुखापत. मुंबईच्या केईएम दवाखान्यात शोध लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. पारा रंग दाबतो, म्हणून घालतात. कातडीतून आत जातो, मूत्रपिंडात बसतो. एक पोरगी शिकलेली होती, बायोटेक्नॉलॉजी शिकत होती. शिक्षणानं सगळं सुटतं म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता आपल्या घरात येतो. शिव्या द्यायला बामण नेहमीच हजर असतो, पण या प्रकरणात मला बामणापेक्षा आपला वधू-वर परिचय मेळावा जास्त झोंबतो. त्याचा फॉर्म बघितलाय? वर नमो बुद्धाय, जयभीम. डावीकडं बुद्ध, उजवीकडं बाबासाहेब. मग नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि मग एक रकाना: वर्ण. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा.

वर्ण! अरे, २५ डिसेंबर १९२७ ला आपण मनुस्मृती जाळली ती कशासाठी? चार वर्ण राखेत गेले आणि पाचवा आपण स्वतःच्या फॉर्मवर छापला? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, श्राद्ध सोडलं, आणि निमगोरा सोडवत नाही? काळ्या पोरीचा बाप त्या रकान्यात गव्हाळ लिहितो. गहू त्याच्या शेतात कधी पिकला नाही, तरी लिहितो. त्याला खोटं बोलायला लावणारा रकाना आपण छापलाय.

आणि बाबासाहेबांनी या रंगाच्या भानगडीचं काय केलं होतं ते आपण विसरलो. १९४६ साली शूद्रांवरच्या पुस्तकात त्यांनी गोरे आर्य आले आणि काळ्यांना गुलाम केलं ही गोष्टच खोडून काढली. १९४८ साली अस्पृश्यांवरच्या पुस्तकात नाकांच्या मोजमापाचे आकडे मांडून दाखवलं की एकाच प्रांतातला बामण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. म्हणजे जात रंगात नाही. काळा बामण ढिगानं आहे, गोरा महार ढिगानं आहे. रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांच्या कातडीत जवळपास सारख्याच असतात, त्या किती रंग बनवतात आणि तो कसा पसरतो एवढाच फरक. आणि तो रंग उन्हापासून माणसाला वाचवतो. मग आमची पोरगी जी साल काढायला गेली ती कशाची? गोरी झाली असती तर गावानं तिला देवळाच्या ओट्यावर बसवलं असतं? पाटलाच्या घरात सून म्हणून नेलं असतं? आडनाव विचारलं नसतं? कितीही थर काढा, खाली हाड लागेल, आडनाव तसंच राहील.

काही मित्र म्हणतील, मग मुरुमाचे खड्डे पडलेल्या पोरीनं काय करावं? वांग आलेल्या बाईनं? त्यांनी खुशाल इलाज करावा. रोग वेगळा, रंग वेगळा. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कातडीचा विभाग आहे, तिथं चिठ्ठी काढून जावं. तिथं रांग लागते, तास जातो, पण समोर शिकलेला डॉक्टर असतो. आणि पील करायचंच ठरलं तर पिकाच्या दिवसांत नाही. समोरच्याला विचारावं, तुम्ही एमबीबीएस आहात का, कातडीचे आहात का, नोंदणी नंबर काय, कोणतं ॲसिड, किती टक्के, तयारी किती आठवडे. तयारी न करता आजच बसा म्हणणारा दिसला की उठून यावं. आगाऊ दिलेले पैसे परत मागावेत. दिले नाहीत तर आपल्याला बोलवावं, आपण येऊ.

दक्षिण आफ्रिकेत काय झालं ते सांगून थांबतो. तिथं गोऱ्यांचं राज्य असताना काळ्या बायकांना गोरं करायच्या ट्यूबांनी बाजार भरला होता. स्टीव्ह बिकोच्या पिढीच्या काळ्या पोरांनी त्याविरुद्ध बोलायला सुरुवात केली. डॉक्टर आले, कामगार संघटना आल्या, बायका आल्या. १९९० साली तिथल्या सरकारला कायदा करून सौंदर्यप्रसाधनांतलं हायड्रोक्विनोन बंद करावं लागलं, आणि गोरं करतं असं जाहिरातीत म्हणायलाही बंदी घातली. मंडेला त्याच वर्षी सुटले. म्हणजे सत्ता हातात येण्याआधीच त्यांनी ट्यूब बंद पाडली. आपल्याकडं सत्तेत आपले म्हणवणारे किती जण जाऊन आले, मोजा.

आता काम. दिवाळीनंतर जिल्ह्यात मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. यवतमाळ, पुसद, उमरखेड, वणी, सगळीकडं फॉर्म छापायला जातील. आयोजक मंडळी आपलीच आहेत, कोणी मामा, कोणी काका, कोणी निवृत्त गुरुजी. आधी घरी जाऊन चहा पीत सांगायचं: मामा, हा रकाना काढा. ऐकलं तर जयभीम. नाही ऐकलं तर प्रेसवर जायचं. तिथंही उशीर झाला आणि फॉर्म छापून आले, तर मेळाव्याच्या दिवशी दारात टेबल टाकून बसायचं, काळ्या शाईची पेनं घेऊन, आणि प्रत्येक फॉर्मवरचा तो रकाना समोरच्याकडूनच खोडून घ्यायचा. पोराच्या बापाकडून आधी.